४७व्या वर्षी वकिली शिकायला जावं का? बॅग खाली ठेवताना हात थांबतोय

गिरणाकाठ
(कानबाईनंतरचा मंगळवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहायला आज पहिल्यांदा बसलोय, कारण घरात हा विषय काढला की जेवण थांबतं.

वय ४७, मुक्काम जळगाव. २३ वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, त्यातली १४ सध्याच्या कंपनीत. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, पारोळा, अमळनेर, चोपडा हा माझा एरिया. महिन्यातून एकदा नंदुरबार-शहादा मुक्कामी. दिवसाला दहा-बारा डॉक्टर. प्रत्येकाकडे पेशंट संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं, आत दोन मिनिटं मिळतात. मग केमिस्टकडे जाऊन आपला माल किती उठला ते बघायचं, घरी येऊन रिपोर्ट भरायचा. मे महिन्यात दुपारी पारोळ्याहून निघालो की एरंडोल येईपर्यंत हेल्मेटमधला घाम डोळ्यांत उतरलेला असतो. या कामानं मला घर दिलं, पोरांची शिक्षणं दिली. त्याला नावं ठेवणार नाही. पण आमच्यातल्या पन्नाशीला टेकलेल्या तिघांची गेल्या वर्षी लांब बदली झाली आणि तिघांनीही राजीनामे दिले. पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

वकिलीच का, ते सांगतो. आमची गिरणेच्या काठी थोडी जमीन होती, त्यातली काही रस्त्यात गेली. मोबदला किती, कुणाच्या नावावर, कधी, यासाठी नाना, माझे वडील, चौदा वर्षं फिरले. महामार्गासाठी घेतलेली जमीन १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली जाते आणि रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे दाद मागता येते, हे आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं. नानांनी सही केली आणि मग विचारत बसले. ते कागद मी दवाखान्यांच्या बाहेर बाकावर बसून वाचले. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, निवाडा. आधी काहीच कळायचं नाही, मग कळायला लागलं. आता गावी गेलो की ओट्यावर चार जण कागद घेऊन बसलेले असतात. नाना गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या पिशवीतला प्रत्येक कागद मला तोंडपाठ आहे.

तीन वर्षांचा एलएलबी करायचा म्हणतोय. परवा कानबाईला, आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, सगळी भावकी जमली होती. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जेवणावर विषय निघाला तर थोरले काका म्हणाले, "आते या वयमा काय शिकशी रे भो? पोरगीनं लगीन कर आधी." मुलगी २१ची आहे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा अकरावीत. बायको शिवणकाम करते, महिन्याला सात-आठ हजार येतात. घरखर्च ३० हजार. कर्ज फिटलंय. जमा आहे ११ लाख.

ज्यांनी चाळिशीनंतर काम बदललं त्यांनी खरं काय ते सांगावं.


भुसावळ_जंक्शन

भाऊ, तुमचे काका बरोबर बोलले. मी हिशेब खात्यात ३४ वर्षं काढली, आकड्यांतच बोलतो.

ग्रॅच्युइटी धरा. शेवटचा मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ पगार २४ हजार धरला तर १४ वर्षांचे १ लाख ९४ हजारांच्या आसपास होतात. आधीच्या कंपन्यांची वर्षं यात धरता येत नाहीत. पीएफची पेन्शन ५८ला. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल त्यातल्या दर वर्षामागे ४ टक्के कमी, आणि ती कपात आयुष्यभराची. पगार कितीही असला तरी पेन्शनचा हिशेब जास्तीत जास्त १५ हजारांवर होतो, त्यामुळे तुमच्या हातात ५ हजारांच्या आतच काहीतरी येईल. पीएफ मध्येच काढला असेल तर तेवढंही नाही.

तीन वर्षं घरखर्चाचे १० लाख ८० हजार. वहिनींच्या कमाईचे अडीच-पावणेतीन लाख वजा करा. आठ लाख गेले. लग्न कशात करणार? मुलाची फी? आणि वकिलीची सनद, म्हणजे परवाना, हातात आली म्हणजे अशील दारात उभं राहतं असं नाही.

राग मानू नका. पोरीचं लग्न होऊ द्या, मग बघा.


केळीबाग

मी सावद्याकडचा. ४४व्या वर्षी काम बदललं, पण तुमच्यासारखं ठरवून नाही. पतसंस्थेत १९ वर्षं कारकून होतो. ती बुडाली. ज्यांच्या ठेवींच्या पावत्या मी माझ्या अक्षरात लिहिल्या होत्या ते लोक माझ्या घरी यायचे. काय सांगणार त्यांना? दोन वर्षं मी दुपारचं बाजारात जायचं बंद केलं होतं.

मग मेहुण्यानं केळीच्या वेफर्सच्या कढईवर उभं केलं. आमच्या भागात केळीला तोटा नाही, पण वेफर्सला बाग उतरायच्या आधीचा कच्चा, भरलेला माल लागतो. फणी सोडवायची, हाताला तेल लावून साल काढायची. नाहीतर चीक बोटांना धरतो आणि कपड्यावर पडला तर तो डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. मग किसणी कढईवरच धरायची, चकत्या थेट तेलात पडल्या पाहिजेत, ताटलीत ठेवल्या की चिकटल्याच. तळणी अर्ध्यावर आली की मिठाचं पाणी तेलात सोडायचं. पहिल्यांदा सोडलं तेव्हा तेल असं तडतडलं की मी तीन पावलं मागे गेलो. कढईवरचा पोरगा २० वर्षांचा होता. तो म्हणाला, "काका, जवळून सोडा, लांबून सोडलं की उडतं." एकोणीस वर्षं मी लोकांना कुठं सही करायची ते दाखवलं होतं. त्या दिवसापासून मी शिकायला लागलो.

आज माझ्या दोन कढया आहेत, पाच जण कामाला. जिल्हा उद्योग केंद्रातून पंतप्रधान रोजगार निर्मितीचं कर्ज घेतलं. त्याला वयाची वरची अट नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उत्पादनाला ५० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो, सेवेला २० लाखांपर्यंत. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान, महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक वगैरेंना ३५. पण ते अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं. तोवर हप्ता पूर्ण कर्जावर भरतोय असंच धरून चाला. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिलं वर्ष फार ओढाताणीचं गेलं.

वकिलीतलं मला कळत नाही. कढईचं कळतं ते सांगितलं.


अमळनेरी

साने गुरुजींनी आमच्या अमळनेरच्या शाळेत सहा वर्षं शिकवलं आणि १९३०मध्ये चालू नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. तेव्हाही त्यांना कुणीतरी "आत्ता नको" म्हटलंच असेल. दादा, मन सांगतंय ते करा.


भुसावळ_जंक्शन

गुरुजींबद्दल आदर आहेच. पण ते तेव्हा तिशीचे होते आणि संसार नव्हता. या भाऊंना अकरावीतला मुलगा आहे.


पाटणादेवी

या धाग्यावर मी लिहायलाच पाहिजे. चाळीसगाव तालुका, माजी सैनिक. १७ वर्षं नोकरी करून ३७व्या वर्षी घरी आलो. आल्या आल्या सगळ्यांनी एकच सुचवलं: एटीएमवर गार्ड, नाहीतर कारखान्याच्या गेटवर. त्या कामात कमीपणा नाही, माझे सोबती करतात. पण माझ्या मनात दुसरं होतं. पदवी नोकरीतच मुक्त विद्यापीठातून केली होती, एलएलबीला बसलो. आज वकिलीला अकरावं वर्ष चालू आहे, तालुका कोर्टात दिवाणी कामं करतो.

आधी नियम. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, आपल्याकडे वयाची वरची अट नाही. खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के हवेत. कॉलेज रोजचं आहे, पत्रद्वारे एलएलबी चालत नाही, हजेरी ७० टक्के लागते. म्हणजे बॅग घेऊन चोपडा-शहादा फिरत हे जमणार नाही. पदवीनंतर बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. नोंदणीचे पूर्वी राज्याराज्यांत हजारो रुपये लागायचे. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. आणि पगारी पूर्णवेळ नोकरी करत वकिली करता येत नाही, त्यामुळे एक पाय इकडे एक पाय तिकडे हे सनद मिळाल्यावर चालत नाही.

आता जे नियमात लिहिलेलं नाही ते. माझे सीनियर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पहिली दोन वर्षं मी त्यांच्या फायली उचलल्या, नकलांचे अर्ज केले, पुकारा झाला की "साहेब येताहेत, थोडा वेळ द्यावा" एवढंच बोललो. पहिल्या वर्षी हातात पडलेली एकूण फी १,८०० रुपये. घर पेन्शनवर चाललं. भाऊ, हे नीट ऐका: मी तुमच्यापेक्षा हुशार म्हणून टिकलो नाही. दर महिन्याच्या शेवटी बँकेत पेन्शन पडत होती म्हणून टिकलो. तुमच्याकडे ती नाही. तुम्हाला तीन वर्षं नाही, पाच वर्षं धरावी लागतील.

कुणी म्हणेल, नोटरी व्हा. नोटरीला सर्वसाधारण वकिलाला १० वर्षं वकिली झालेली लागते, महिला आणि मागासवर्गीयांना ७. तुम्ही ५१ला सनद घेतलीत तर ६१. तो मार्ग आत्ता धरू नका.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि तिची किंमत तुम्हाला कळलेली दिसत नाही. कॉलेजातून थेट आलेल्या पोराला कायदा येतो, पण शेतकरी समोर बसला की त्याला काय विचारायचं ते येत नाही. तुम्ही २३ वर्षं दारात उभं राहून, समोरच्याचा चेहरा बघून दोन मिनिटांत बोलायला शिकलात. आणि ओट्यावर चार जण कागद घेऊन बसतात म्हणता. माझ्या ओट्यावर कुणी येण्यात तीन वर्षं गेली.

चाळीसगावला तुमचा कॉल असतोच. एक दिवस रजा टाका, साडेदहाला कोर्टात या. दिवसभर माझ्यासोबत बसा. मग ठरवा.


गिरणाकाठ

पाटणादेवी साहेब, येतो. भुसावळच्या काकांचा हिशेब छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. बायकोनं वाचला आणि म्हणाली, यात माझ्या मशीनचे पैसे बरोबर धरलेत. एवढंच बोलली.


कळणाभाकर

तुम्ही सगळे "काम बदलणं" म्हणताय. माझ्यासारख्यांचं पहिलं काम ४२व्या वर्षी सुरू झालं. त्याआधी मी जे वीस वर्षं केलं त्याला कुणी काम म्हटलंच नव्हतं.

धुळ्यात देवपुरात डबे देते. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, थंडीत भरीत. बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं आणि बँकेत बदलून आलेले लोक. सुरुवात सहा डब्यांनी, आता ५५. अन्न परवान्याची छोटी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत झाली, ती पहिल्याच महिन्यात करून घ्या असं डबे सुरू करणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते.

गिरणाकाठ दादा, तुमच्या पोस्टमध्ये बायकोचं एकच वाक्य आहे, सात-आठ हजार येतात. त्यांना विचारलंत का, की पाच वर्षं घर त्यांच्या मशीनवर उभं राहणार असेल तर मशीन कुठलं हवं? साध्या मशीनवर ब्लाऊजचे पैसे मिळतात. फॉल-पिको, ड्रेस, शाळांचे गणवेश घ्यायचे तर ओव्हरलॉक लागतं, हाताखाली एक मुलगी लागते. जमलेल्या ११ लाखांतले काही त्यांच्या कामात घाला. तुम्ही शिकायला जाताय, पण धंदा त्यांचा वाढायला हवा. माझ्या नवऱ्याचा पगार आठ महिने थांबला तेव्हा डब्यांनीच घर चाललं, म्हणून हे ठामपणे लिहितेय.

आणि नोकरी सोडायच्या आधी स्वतःची मेडिक्लेम घ्या. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते. आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते थांबणं पगार चालू असतानाच संपवा. औषधांच्या धंद्यात असून तुम्ही हे लिहिलं नाहीत, म्हणून आठवण.


मेहरूण

मी २४ वर्षांची आहे. सगळे मुलीच्या लग्नाचं बोलताहेत, म्हणून मुलीनं लिहायला हवं असं वाटलं.

माझे बाबा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर होते. ४९व्या वर्षी ते काम सुटलं. सहा महिने ते सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि मेहरूण तलावावर जाऊन बसायचे. आम्हाला माहीत होतं, ते आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मग त्यांनी मोटर रिवाइंडिंग शिकायचं ठरवलं. आयटीआयला वयाची वरची अट नसते, तिथंही चौकशी केली, पण दोन वर्षं थांबणं शक्य नव्हतं. मग एका दुकानात बसले. उस्ताद २६ वर्षांचा.

जळालेल्या मोटरीची जुनी तार काढायची, एकेका खाचेत किती फेरे होते ते मोजायचे, तेवढेच नवे भरायचे. एक फेरा चुकला तरी मोटर तापते. बाबांना मोजताना मध्ये कुणी बोललं की आकडा विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुकानात त्यांच्या शेजारी बसायचे आणि ते म्हणतील तो आकडा वहीत लिहायचे. वरच्या ओळीत शेतकऱ्याचं नाव, गाव, मोटर किती एचपीची, आणि खाली आकडे. ती वही अजून दुकानात आहे. आता दुकान त्यांचं आहे. रब्बीत रात्रीची लाईट असली की पहाटे दोनला फोन येतो, मोटर उठत नाही म्हणून, आणि बाबा निघतात.

माझा बायोडाटा करताना आत्यानं लिहिलं, "वडील: व्यवसाय". मी खोडून लिहिलं, "वडील: मोटर रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान". दोन स्थळं त्यावरूनच गेली. तिसऱ्या स्थळाच्या वडिलांनी पत्रिकेचं बोलण्याआधी बाबांना त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीबद्दल विचारलं, अर्धा तास तेच बोलत होते. तिथंच माझं लग्न झालं, या वैशाखात.

काका, तुमच्या मुलीला विचारा. थोरल्या काकांना नाही, आत्यांना नाही. ती २१ची आहे. तिला नको असेल तर तसं म्हणेल. पण तिच्या नावावर तुम्ही थांबलात आणि तिला ते नंतर कळलं, तर ते ओझं ती तिच्या सासरी घेऊन जाईल.


केळीबाग

पोरी, तलावावर बसायचं जे लिहिलंस ना, ते वाचून मी बराच वेळ मोबाईल बाजूला ठेवून बसलो होतो. मी पाल रस्त्याला जाऊन बसायचो.


भुसावळ_जंक्शन

मेहरूणची पोस्ट दोनदा वाचली. मलाही मुलगी आहे. हिशेब बदलत नाही, पण एक दुरुस्ती करतो. मी "लग्न झाल्यावर बघा" म्हटलं होतं. त्याऐवजी असं करा: खर्च पाच वर्षांचा धरा. वहिनींच्या कामात दोन लाख घाला. मुलाची फी वेगळी ठेव म्हणून बाजूला काढा आणि तिला हात लावू नका. उरलेल्यात घर किती महिने चालतं ते लिहा. तो आकडा २४च्या खाली आला तर अजून एक वर्ष नोकरी करा आणि पगारातून भर घाला. एका वर्षानं कोर्ट कुठं जात नाही. मला तुमचा आकडा कळवा, मी तपासून देईन.


गिरणाकाठ
(पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. गणपती होते, आणि मी चाळीसगावला एकदा नाही, तीनदा जाऊन आलो.

पहिल्या दिवशी साहेबांच्या मागं नुसता फिरलो. दुसऱ्या वेळी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो तेव्हा सत्तरीचे एक बाबा शेजारी आले. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात रेशनकार्ड, आधार, दोन सातबारे आणि चार घड्या केलेलं समन्स. "दादा, हाई काय लिखेल शे, वाची दाखवा." मी वाचलं. पुतण्यानं वाटणीचा दावा लावला होता, बाबा त्यात प्रतिवादी. समन्स मिळून पंचवीस दिवस झाले होते. त्यांना वाटत होतं, घरात ठेवून दिलं की मिटतं. मी त्यांना काही सल्ला दिला नाही, तो माझा अधिकार नाही. हाताला धरून साहेबांच्या टेबलाशी नेलं. साहेब म्हणाले, कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते, कोर्टानं मुदत वाढवली तर फार तर ९०. बाबा वेळेत आलेत. वकालतनाम्यावर अंगठा देताना त्यांचा हात थरथरत होता, मी शाईचं पॅड धरलं. नानांनीही असंच कुणासमोर तरी हात पुढे केला असेल आणि तेव्हा शेजारी वाचून सांगणारं कुणी नव्हतं.

घरी आलो आणि मुलीला विचारलं. जेवताना नाही, गच्चीवर. ती म्हणाली, "मला दोन वर्षं एमएस्सी करायचं आहे, तुम्ही लग्नाचं काढाल म्हणून बोलत नव्हते." आम्ही दोघं एकमेकांसाठी थांबलो होतो.

बायकोनं ओव्हरलॉक घेतलं. एका शाळेच्या गणवेशाचं काम मिळतंय, नवरात्रानंतर सुरू. मेडिक्लेम घेतली, शुगर थोडी निघाली, ती फॉर्मवर लिहिली.

काका, आकडा २१ महिने आला. म्हणजे तुमच्या हिशेबानं अजून एक वर्ष. मी ते मान्य केलंय. यंदा नोकरी करायची, दर महिन्याला १५ हजार बाजूला टाकायचे. सीईटीचा अभ्यास आत्तापासून, परीक्षा पुढच्या हंगामाची. महिन्यातून एक रजा चाळीसगावच्या कोर्टासाठी.

त्या बाबांची पुढची तारीख १४ला आहे. साहेबांनी मला यायला सांगितलंय. उद्या अमळनेर आहे, सकाळी साडेसातला निघायचंय.